बेळगाव सीमाभागातून सायकल: महामार्ग सोडा, पेठांची वाट धरा

वडगावकर

पुण्या-कोल्हापूरकडचे सायकलवाले आमच्या भागातून दोनच वाटांनी जातात. एक तर महामार्गाने निपाणी-संकेश्वर करत बेळगाव आणि तसंच पुढं धारवाड, नाहीतर बेळगावातून चोर्ला घाट उतरून गोवा. दोन्हीकडं बेळगाव म्हणजे रात्रीची झोप आणि कुंद्याचा डबा. इथल्याच रस्त्यांवर सायकल शिकलेल्या माणसाला हे बघून हळहळ वाटते. "बेळगाव भागात सायकलने कुठं फिरावं" असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी जमिनीचा उतार समजून घ्या, मग नकाशा उघडा. सह्याद्रीच्या माथ्यावर उगवलेल्या आमच्या नद्या सगळ्या पूर्वेला जातात. उत्तरेकडून मोजत आलं तर वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय, मलप्रभा. दोन नद्यांच्या मधे डोंगराची एकेक सोंड. महामार्ग उत्तर-दक्षिण, त्यामुळं तो या सोंडा आडव्या कापत येतो. निपाणी सोडली की तवंदी घाट, यमकनमर्डी मागं पडली की वंटमुरी घाट. चढ, उतार, परत चढ, आणि कानाशी ट्रक. नदीचा हात धरून पश्चिमेकडून पूर्वेकडं चाललात तर तोच मुलूख सायकलला फार सोसतो. डोंगर असतात, पण बाजूला.

जुना व्यापारही याच दिशेनं चालायचा. कोकण-गोव्यातून मीठ, नारळ, खोबरेल, सुपारी घाट चढून वर यायची, देशावरचं धान्य, गूळ, मिरची खाली उतरायची. रामघाट इतका उभा की तिथं गाडीचं नाव नको, पाठीवर गोण्या लादलेले बैलच चढायचे. पुढं इंग्रजांनी वेंगुर्ल्याहून आंबोलीमार्गे गाडीरस्ता केला, आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे आल्यावर वेंगुर्ला बंदर मागं पडलं. पण बैलाच्या चालीनं ठरलेली गावांची अंतरं काही बदलली नाहीत. तांडा जिथं टेकायचा, बैलांना पाणी मिळायचं, तिथंच पेठ वाढली. सामान लादून निवांत निघालेल्या सायकलवाल्याला विसावा लागतो तो साधारण याच अंतरावर. मी म्हणतो, या भागात फिरायचं तर बैलांच्या या वाटेनंच फिरा.

माझी सगळ्यात आवडती वाट मलप्रभेची. ती तपशिलात सांगतो.

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबी. शहर सुटलं की भाताची खाचरं, मग रताळ्याची लाल रानं, मग जांभा आणि जंगल. चढ एकदम अंगावर येत नाही, पण पाय दिवसभर कामाला लागतात. कणकुंबीला माउली देवीचं देऊळ, आणि त्याच आवारात मलप्रभेचा उगम. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात हीच नदी केवढी पसरते, हे बघितलेल्या माणसानं एकदा हे कुंड बघावं. तिथून मागं जांबोटीला या आणि खानापूरकडं वळा. वाटेजवळ हब्बनहट्टीचा मारुती आहे, नदीपात्रालगत. पावसाळ्यात हे देऊळ पाण्याखाली जातं. हिवाळ्यात मात्र खडकांवर बसून शिदोरी सोडायला यापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही.

खानापूर म्हणजे मातीचं गाव. इथली चिकणमाती कौलांना आणि मडक्यांना उत्तम, म्हणून तर ग्रामीण कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था इथं आहे. गावाजवळ असोग्याला नदीकाठी रामलिंगाचं देऊळ, डुंबायचं असेल तर पाण्याचा अंदाज घेऊनच.

मग नंदगड. इथं घाई करू नका. आज बघाल तर मध्यम आकाराचं गाव, पण एकेकाळी गोव्याच्या व्यापाराची ही मोठी पेठ होती. गोव्याची सुपारी, नारळ, खोबरेल, मीठ इथं उतरायचं आणि देशावरचा गहू इथून खाली जायचा. जुन्या गल्लीतली घरं नीट बघा. पुढं दुकानाची ओटी, मागं खोल जाणारं घर, माल ठेवायला अंधारी कोठारं. किती घरं आता पाडून सिमेंटची झाली आहेत. जी उरली आहेत त्यांची कुणी नीट नोंद करावी असं मनापासून वाटतं. याच नंदगडला २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली. समाधीवर वडाचं झाड आहे, लोक आजही श्रद्धेनं येतात. मराठी असो, कानडी असो, या गावातला प्रत्येक माणूस रायण्णाबद्दल घरच्या माणसासारखं बोलतो.

नंदगडपासून हलशी जवळच. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची पलाशिका. पाचव्या शतकात मृगेशवर्मा कदंबानं वडिलांच्या स्मरणार्थ इथं जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधवलं, हे ताम्रपटांवरून कळतं. पुढं बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांच्या काळातलं भूवराह-नरसिंह मंदिर. आत समोरासमोर दोन गाभारे, मधल्या मंडपात गार सावली. गोव्याचे राजे घाटाच्या वर राजधानी ठेवून होते, याचा अर्थ घाट ही त्यांच्यासाठी रोजची वाट होती. पुस्तकात वाचून हे पटत नाही. स्वतः चढून आलात की पटतं.

हलशीहून बिडीमार्गे कित्तूर. या टप्प्यात एक गोष्ट चाकाखाली जाणवते. लाल माती हळूहळू काळी होत जाते, भात संपून कापूस, ज्वारी, हरभरा सुरू होतो, कौलारू छपरांच्या जागी धाब्याची घरं येतात. दिवसाभराच्या सायकलीत एवढा बदल दुसरीकडं क्वचितच दिसेल. कित्तूरला इंग्रजांशी लढलेल्या राणी चन्नम्माच्या वाड्याचे अवशेष आहेत. २३ ऑक्टोबर १८२४ ला इथंच कंपनीचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. जवळच देगावचं कमलनारायण मंदिर, कदंब राणी कमलादेवीनं बांधवलेलं. दगडातली नक्षी बघायला दुपार कमी पडते. पुढं बैलहोंगल, जिथं चन्नम्मा कैदेत होती आणि १८२९ मध्ये वारली, तिची समाधी तिथं आहे. मग सोगलचा धबधबा, आणि शेवट सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. बाकी प्रश्न असतील तर विचारा.

लांबपल्ला

छान लिहिलंय, पण एका मुद्द्यावर असहमत. चोर्ल्याला तुम्ही फार सहज बाजूला सारलंत. मी ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब फेरी, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. त्या चष्म्यातून बघितलं तर बेळगाव-चोर्ला-साखळी हा या भागातला सर्वात सुंदर रस्ता आहे. घनदाट जंगल, गोव्याकडून वर येताना चढ लांब पण एका लयीत. असा चढ पुण्याजवळ मिळत नाही.

वडगावकर

लांबपल्लादादा, चोर्ला सुंदर आहेच, वाद नाही. मी स्वतः दर हिवाळ्यात चढतो. माझं म्हणणं इतकंच की कणकुंबीपर्यंत आलेला माणूस उतारावर हात सोडून गोव्यात जातो आणि मागं वळून मलप्रभेकडं बघत नाही. साडेतेरा तासांचा हिशोब असेल तर नंदगडच्या गल्लीत तासभर रेंगाळणं जमत नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढावा.

चंदगडी

लई झ्याक लिवलंयसा. पण आमच्याकडचा रस्ता कसा काय सोडलासा? बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं या की. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत चंदगडकडं. हद्द कवा वलांडली ते बोर्डाची भाषा बदलल्यावरच कळतंय, रान आणि माणसं तीच. काजूच्या बागा, नाचणीची शेतं, सकाळी कुणाच्याबी दारात थांबलासा तर आंबील मिळंल. देवरवाडीचं वैजनाथ आणि वरचा महिपालगड बेळगावातनं एका दिवसात होतंय. चढ मात्र शेवटाला दम काढतोय.

आणि तिलारी घाट उतरायचा विचार कुणी सामान लादून करू नका. उतार फार तीव्र, वळणं आवळलेली. ब्रेक रिमचे असतील तर रिम इतकी तापती की हात लावू शकणार न्हाई. उतरायचंच असंल तर आंबोलीनं उतरा.

आणखी एक. गवे. संध्याकाळी पाचनंतर आणि सकाळी उजाडायच्या आधी रस्त्यावर येत्यात. हत्तीबी फिरत्यात मधनंमधनं. अंधारात चालवू नका, एवढं ऐका.

वडगावकर

चंदगडीभाऊ, बरोबर सांगितलंत. हेच जांबोटी-कणकुंबी पट्ट्यालाही लागू. तो सगळा भीमगड अभयारण्याचा परिसर आहे, खानापूरच्या रानात अस्वलंही आहेत. मुख्य रस्ता सोडून आत शिरायचं असेल तर वन खात्याची परवानगी लागते. बारापेडे गुहांकडं तर कुणी जाऊच नये. रॉटनच्या वटवाघळाची जात जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे, त्यातलं हे एक. त्यांना त्रास देऊन काही बघण्यासारखं नाही.

सायकलवाली अनु

दोन प्रश्न. एक, मी एकटी फिरते. मुक्कामाचं कसं? दोन, कन्नड अजिबात येत नाही. सीमावादाच्या बातम्या वाचून घरचे घाबरतात.

वडगावकर

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. खानापूर, जांबोटी, नंदगड, हलशी, बेळगावच्या पश्चिमेची खेडी इथं मराठी घराघरात आहे. कित्तूरपासून पूर्वेला कानडी जास्त, पण बाजारपेठेत मराठी किंवा हिंदी समजणारा कुणीतरी भेटतोच. सुरुवात मात्र कानडीतून करा. "नमस्कार री, नीर सिगुत्ता?" एवढं म्हटलं की पाणी मिळतंच, वर चहाही येतो. शब्दामागं "री" लावायचा, तो आदराचा. इथली माणसं शतकानुशतकं दोन्ही भाषांत व्यवहार करत आली आहेत. मालाचा भाव एका भाषेत आणि घरची विचारपूस दुसऱ्या भाषेत, हे आमच्या रविवार पेठेत रोज चालतं.

बातम्यांचं म्हणाल तर तापतं ते ठरावीक दिवशी. १ नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी भाषकांचा काळा दिन. त्या दिवशी शहरात येऊ नका, रस्तेच मिळणार नाहीत. हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन इथं भरतं तेव्हा लॉज भरलेले असतात. तणाव असला की दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवर थांबतात, म्हणून परतीसाठी बसवर पूर्ण भरवसा ठेवू नका. सायकलवाल्याला कुणी अडवल्याचं मात्र मी पाहिलेलं नाही.

रानजाई

अनु, मुक्कामाबद्दल मी सांगते, कारण मी या बाजूला एकटी फिरले आहे. बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, गोकाक, निपाणी इथं साधे, नीट लॉज मिळतात. हलशी-नंदगडला रात्र काढायचा हट्ट नको, खानापूरला राहून जाऊन ये. सौंदत्तीला पौर्णिमेच्या आसपास अजिबात जाऊ नकोस. यल्लम्माच्या जत्रेला लाखो माणसं लोटतात, बैलगाड्या, ट्रॅक्टर, सगळा रस्ता भंडाऱ्यानं पिवळा. जत्रा बघायचीच असेल तर सायकल बैलहोंगलला ठेवून बसनं जा. कित्तूरलाही २३ ऑक्टोबरच्या सुमारास उत्सव असतो, त्या दिवसांत खोली मिळणं कठीण.

मला स्वतःला बायकांनी फार सांभाळून घेतलं. शेतात काम करणाऱ्या बायका हाक मारून थांबवतात, कुठून आलीस, एकटीच का, जेवलीस का. भाषा अर्धी कळते, भाकरी मात्र पूर्ण मिळते.

निपाणीचा तंबाखूवाला

आमच्या निपाणीला कुणी थांबतच नाही, बायपासनं निघून जातात, म्हणून लिहितोय. निपाणी ही तंबाखूची पेठ. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तंबाखूच्या दरासाठी इथं महामार्ग रोखून धरला होता. शेतकरी बैलगाड्या घेऊन रस्त्यावर बसले. शेवटी गोळीबार झाला, त्यात शेतकरी मारले गेले. ज्या रस्त्यावरून तुम्ही शंभराच्या वेगानं पुढं जाता, त्याच रस्त्यावरची ही गोष्ट. सायकलवर असाल तर गावात या. अरुंद गल्ल्या, तंबाखूच्या वखारी, विड्या वळणाऱ्या बायका. हंगामात साऱ्या गावाला तंबाखूचा वास असतो.

कोल्हापूरहून येणाऱ्यांनी महामार्ग टाळायचा असेल तर कागलवरून मुरगूडला जा, तिथून निपाणी. अंतर वाढतं, पण वेदगंगेच्या काठची ऊसशेती बघत येता. निपाणीहून उत्तूरमार्गे आजऱ्याला जाणारा रस्ताही डोंगराचा आणि चांगला.

वडगावकर

तुमच्या प्रतिसादामुळं दुसरी वाट लिहायची राहिली होती ती आठवली. हिरण्यकेशीची वाट. आंबोलीला उगम, मग आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर. संकेश्वरी मिरचीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. हंगामात गडहिंग्लज-संकेश्वरच्या बाजारात मिरचीचे लाल ढीग बघावेत. नाकाला रुमाल बांधूनच आत शिरा. संकेश्वरहून हुक्केरी, तिथले आदिलशाही घुमट, मग हिडकल जलाशयाच्या बाजूनं घटप्रभा आणि गोकाक. सगळी उतरती वाट. माझ्या मते नवशिक्यानं पहिली मोठी फेरी हीच करावी.

करदंट

गोकाकचा विषय निघाला म्हणून. धबधबा ५२ मीटर उंच, पण हिवाळा सरत आला की पाणी अगदी कमी. धबधब्यासाठी यायचं तर जुलै ते सप्टेंबर, आणि त्या वेळी खानापूर-कणकुंबी बाजू इतकी ओली असते की दोन्ही एका फेरीत होत नाहीत. हे आधीच ठरवा. पाणी नसलं तरी खडक बघण्यासारखे. इथं दख्खनचा काळा कातळ संपतो आणि गारगोटीचे, सपाट माथ्याचे कडे सुरू होतात. संध्याकाळच्या उन्हात ते गुलाबी दिसतात. सूतगिरणी एकोणिसाव्या शतकातली, धबधब्याच्या पाण्यावर चालवायला म्हणून इथं आणली. झुलता पूलही बघा.

खायला करदंट घ्या. डिंक, सुकामेवा, गूळ. सायकलवर खिशात ठेवायला कुठल्याही पाकीटबंद बारपेक्षा चांगलं, उन्हात वितळत नाही.

लांबपल्ला

तांत्रिक बाजू कुणीच लिहिली नाही. टायर किती रुंद? गिअर?

वडगावकर

३५ ते ४० मिलिमीटर. हलशी-बिडी-कित्तूर पट्ट्यात डांबर कधी चांगलं, कधी उखडलेलं, आणि पूर्वेला बाभळीचे काटे. ट्यूबलेस नसेल तर दोन जादा ट्यूब हव्यातच. पुढं ३० दात्यांची आणि मागं ३४ दात्यांची चकती असेल तर सामानासकट सगळे चढ बसून होतात. बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्याचा शेवटचा तुकडा सोडून.

दुरुस्तीसाठी बेळगाव आणि निपाणी. मधल्या गावांत साध्या सायकलची दुकानं आहेत, पंक्चर आणि स्पोक जमेल, डिस्क ब्रेकचं सामान मिळणार नाही.

सर्वात महत्त्वाचं, ऊस. नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालू असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस, मागं दिवे नाहीत. ट्रॉली ओलांडून जाते तेव्हा मागची ट्रॉली आत झोकते. पुढं गेलेला ट्रॅक्टर बघून सायकल रस्त्यावर आणू नका, दुसरी ट्रॉली जाऊ द्या. चिकोडी, निपाणी, हुक्केरी, गोकाक या बाजूला हे फार.

वारा डिसेंबर-जानेवारीत सकाळी पूर्वेकडून असतो. सौंदत्तीकडं जाताना तो तोंडावर येतो. म्हणून पहाटेऐवजी उजाडल्याबरोबर निघा आणि लांबचा टप्पा पहिल्याच दिवशी घेऊ नका.

सायकलवाली अनु

घरच्यांना रानजाईताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, परवानगी मिळाली! डिसेंबरमध्ये मलप्रभेची वाट करणार. पुण्याहून सायकल रेल्वेनं आणता येईल ना? आणि बेळगावात कुठल्या दिवशी पोचू?

वडगावकर

येईल. लगेज व्हॅनमध्ये नोंद करावी लागते, गाडी सुटायच्या बऱ्याच आधी स्टेशनवर जा, मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) पुठ्ठ्यानं झाका, आणि चढवताना स्वतः उभ्या राहा. आपली गाडी बेळगावात किती वेळ थांबते ते आधी बघा, कारण थोड्या मिनिटांत सायकल उतरवून घ्यावी लागते.

पोचा शुक्रवारी. शनिवार बेळगावच्या आठवडी बाजाराचा दिवस, खेड्यांतनं माणसं येतात. सकाळी सायकल लॉजवरच ठेवून शनिवार खूट, गणपत गल्ली, रविवार पेठ पायी फिरा. मांडे मिळाले तर तिथंच खा, सायकलवर नेण्यासारखे नाहीत, चुरा होतो. दुपारी किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बघा, १२०४ च्या सुमाराची, छताला दगडाचं कमळ आहे. रविवारी उजाडताच जांबोटीकडं निघू. कणकुंबीपर्यंत मी सोबत येतो, घरची मंडळीही येतील, माझी मुलगी नुकतीच गिअरची सायकल शिकली आहे. खानापूरहून पुढं तुमच्या तुम्ही. नंदगडच्या बाजाराचा वार खानापूरला विचारून घ्या आणि जमलं तर त्याच दिवशी तिथं पोचा.

चंदगडी

रविवारी जांबोटीला आमी दोघंबी येतो. आंबील मी आणतो.